चिठ्ठी आमच्या गावाची निघाली

म्हातारपणावर संशोधन करणाऱ्या मंडळींनी माझ्या गावाला फसवलं. मधला माणूस मी होतो, म्हणून आधी मला फसवलं आणि मग माझ्या तोंडून गावाला. आता ते म्हणतात, फसवलं नाही, समजण्यात चूक झाली. मी जनावरांच्या बाजारात आयुष्य काढलंय. विकत दिलेली म्हैस घरी गेल्यावर आटली की विकणाराही हेच म्हणतो.

आमचं गाव तिसगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. रान हलकं, पाऊस भरवशाचा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला अर्धं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला निघून जातं. माझे आईवडीलही जात. मी चालायला शिकलो तो कुठल्याशा कारखान्याच्या हद्दीत, पाचटावरून धडपडत. मिसरूड फुटायच्या आत कोयता टाकला आणि घोडेगावच्या बाजारात दलाली शिकलो. आज त्या बाजारात म्हशीच्या अंगाकडे बघून तिचं वेत, म्हणजे ती कितव्यांदा व्यायली ते, सांगणारी थोडी माणसं उरली आहेत, त्यांत माझं नाव घेतात. हे सांगायचं कारण एवढंच, की मला खोटं बोलून फसवणं अवघड आहे. या लोकांनी मला फसवलं ते खरं बोलून.

ते पहिल्यांदा आले तेव्हा दोघं होते. एक डॉक्टरीणबाई, वयाने लहान, नगरला खोली घेऊन राहणाऱ्या. दुसरे पुण्याचे मोठे डॉक्टर, चष्मा सारखा पुसणारे. त्यांच्या मागे आणखी बरीच माणसं होती, ती आम्हाला कधी दिसली नाहीत. रक्त तपासायला बंगळूरला जाणार, म्हातारी माणसं चालतात कशी याची चित्रं परदेशातल्या एका विद्यापीठात जाणार, आणि हाडांचा हिशेब पुण्यात राहणार. सगळ्यांनी मिळून शोधायचं काय, तर जन्मभर अंगमेहनत केलेल्या माणसांचे स्नायू म्हातारपणी कसे झिजतात, ती का पडतात, आणि पडू नयेत म्हणून काय करता येईल. विषय मला पटला. आमच्याकडे कोयत्याची माणसं पन्नाशीतच म्हातारी दिसतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. गुडघे आणि कंबर कारखान्यालाच वाहिलेली असतात.

गाव मात्र तयार होईना. रक्त काढून घेणार म्हटल्यावर म्हातारी माणसं पारावरून उठून जायला लागली. आमच्या भावकीतला एक म्हातारा डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर म्हणाला, "आमचं रगात कारखान्यानं पिलं, बाई. तुमाला द्यायला उरलंय काय?"

सरपंच माझ्याकडे आले. म्हणाले, "तुमी अडलेली म्हैस गाडीत चढवता. ही म्हातारी तेवढी चढवा."

मी आधी मोठ्या डॉक्टरांना माझ्या ओट्यावर बसवलं आणि बोलणी केली. पैशाचा विषय नव्हता, तो मी काढलाही नाही. मी विचारलं, गावाला मिळणार काय? ते म्हणाले, दरवर्षी पूर्ण तपासणी, साखर, रक्तदाब, काही निघालं तर सरकारी दवाखान्याची चिठ्ठी. मग मी दुसरा प्रश्न विचारला. बाजारात हा प्रश्न न विचारणारा माणूस दुपारपर्यंत लुटला जातो. मी विचारलं, "डोंगरापलीकडचं गावही तुम्ही घेतलंय म्हणे. त्यांना काय देणार?"

त्यांनी चष्मा पुसला. "आम्हाला दोन्ही गावं सारखीच महत्त्वाची आहेत."

या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. आजही नाही. पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं आणि हे त्यांना त्याच क्षणी ठाऊक होतं.

आमच्या बाजारात सौदा तोंडाने करत नाहीत. खांद्यावरचा रुमाल हातावर टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचा. मी रुमाल टाकला आणि हात पुढे केला. डॉक्टर हसले. कुठलं बोट द्यायचं त्यांना कळेना, म्हणून मी त्यांचा अख्खा हातच धरला. सौदा झाला, असं मी मानलं. त्यांनी काय मानलं हे मला पुढे कळलं.

त्यानंतर मी घरोघर गेलो. पहिला हात माझ्या आईचा पुढे केला. ती म्हणाली, "काढा बाई किती काढायचं ते. ह्यानं शबूद दिलाय ना, मग झालं." तिने हात दिल्यावर बाकीच्या बायका आल्या, आणि बायका आल्यावर लाजेकाजेस्तव पुरुष आले.

मग सोडतीचा दिवस आला. दोन्ही गावांची माणसं आमच्या समाजमंदिरात बोलावली होती. पलीकडच्या गावात माझी मावशी दिलेली आहे, आईची थोरली बहीण, तीही आली होती. दोघी एकमेकींना खेटून बसल्या होत्या आणि एकाच पिशवीतून शेंगा खात होत्या. डॉक्टरीणबाईंनी माहितीचा कागद वाचून दाखवला. सगळा वाचला, एक ओळ गाळली नाही, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. पण तो सत्यनारायणाच्या पोथीसारखा वाचला गेला. वाचणारा वाचतो आणि ऐकणारे प्रसादाची वाट बघतात. 'हस्तक्षेप गट', 'तुलना गट', 'यादृच्छिक निवड'. हे शब्द आमच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून डोंगरापलीकडे गेले.

कागद संपल्यावर डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या. बालवाडीतल्या एका मुलीने एक काढली. आमच्या गावाचं नाव निघालं.

आता आमच्याकडची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. भिशीत ज्याची चिठ्ठी निघते त्याला रक्कम मिळते. घरकुलाच्या यादीत ज्याची निघते त्याला घर मिळतं. सरपंचपदाची सोडतही तशीच. चिठ्ठी निघाली आणि माणूस हरला, असं आमच्या भागात कुणी पाहिलेलं नाही. नाव पुकारताच समाजमंदिर उठून उभं राहिलं. कुणाकडे तरी गणपतीचा उरलेला गुलाल होता, तो उधळला. हलगीवाला धावत घरी जाऊन हलगी घेऊन आला. मी स्वतः तिसगावहून पेढे मागवले. पलीकडच्या गावची माणसं मान खाली घालून चपला शोधत होती. आईने मावशीच्या तोंडात पेढा कोंबला. म्हणाली, "नाराज हुऊ नको अक्का. आमचं झालं म्हंजी तुमचंबी हुईल कवातरी."

ती चिठ्ठी होती नुसतं मोजमाप करायच्या गावाची.

हलगी वाजत होती तेव्हा मोठे डॉक्टर टाळ्या वाजवत होते. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला बायकांनी गुलाल लावला, त्यांनी लावून घेतला. दोघांपैकी एकानेही हात वर करून म्हटलं नाही, की थांबा, तुम्ही जिंकलेला नाहीत.

मोजमाप मात्र त्यांनी मनापासून केलं. वर्षातून एकदा शिबिर व्हायचं. आधी वयाचाच घोळ. आमच्याकडे शाळेच्या कृपेने अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचा. म्हातारपणावर संशोधन करायचं आणि म्हातारपण कधी सुरू झालं याचाच पत्ता नाही. मग डॉक्टरीणबाई विचारायच्या, "मोठ्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला जात होतात, की पाळण्यात होतात?" त्यावर एक म्हातारी म्हणाली, "पाळना? पाळना बघितला कुनी? आमी झोळीत हुतो."

एक मशीन होतं, मुठीत धरून दाबायचं. पुरुषांनी त्याची कुस्तीच केली. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं असायचं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जलमभर मोळी घिऊन उठले, आता रिकामी उठून दावू व्हय?" आणि उठली. दुसऱ्या वर्षी तिला उठायला जरा वेळ लागला. तिसऱ्या वर्षी तिने खुर्चीच्या दांड्याकडे हात नेला आणि मागे घेतला. मी शेजारीच उभा होतो. डॉक्टरीणबाईही उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं, लिहिलं आणि म्हणाल्या, "छान, आजी."

त्याच वर्षी, उन्हं तापायला लागली होती तेव्हा, आई गोठ्यात पडली. सकाळची वेळ. पेंडीची बादली हातात होती आणि म्हशीने शेपटी मारली म्हणून ती वळली. एवढंच. घसरली नाही, कुणी ढकललं नाही. वळली आणि पडली. मी ओट्यावर दात घासत होतो. तिचा आवाज आला नाही, बादलीचा आला. उचलायला गेलो तर म्हणाली, "हात लावू नको, मोडलंय." खुब्याचं हाड मोडलं होतं. नगरला नेलं, ऑपरेशन केलं, आत धातूचा गोळा बसवला. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, या वयात यातून माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालेलच असं नाही. काही जण उठतच नाहीत. तेव्हापासून माझ्या घरात एकच प्रश्न आहे, आई उभी राहणार की नाही.

डॉक्टरीणबाई दवाखान्यात आल्या. आईचा हात हातात घेतला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी पिशवीतून कागद काढला. कुठल्या बाजूला वळलात, पायात चप्पल होती का, चक्कर आली होती का, जमीन ओली होती का. आई दुखण्याने कण्हत कण्हत एकेक सांगत होती. नर्सला वाटलं पोलीस केस आहे. मी तेव्हा बायकोला म्हणालो, बघ, किती काळजीने विचारतायत.

आईला घरी आणल्यावर मी बाजारात जायला लागलो. पलीकडच्या गावचा एक शेतकरी म्हैस बघत होता. रुमालाखाली माझी दोन बोटं त्याच्या हातात होती, सौदा जुळत आला होता. त्याने सहज आईचं विचारलं. मी सांगितलं.

तो म्हणाला, "आमची म्हातारी बघा, तुमच्या आईच्याच जोडीची. रोज सकाळी एका पायावर उभी ऱ्हाती, बगळ्यावानी. आमी हासतो तिला."

"कशापायी?"

"आता कशापायी काय? तेच की डाक्टरांचं. पडू नये म्हनून. तुमच्यात न्हाई का? तुमची तर चिठ्ठी निघाली हुती. गुलाल माझ्या सदऱ्याचा अजून गेला न्हाई."

मी रुमालाखालून हात ओढून घेतला. जुळत आलेल्या सौद्यातून असा हात काढणं म्हणजे समोरच्याला शिवी दिल्यासारखं असतं. तो मागून ओरडत राहिला. मी पिकअप काढली आणि घरी न जाता डोंगराला वळसा घालून पलीकडच्या गावात गेलो.

रात्र गाडीत, देवळासमोर काढली. सकाळी डोळे उघडले तेव्हा देवळाच्या ओट्यावर बायका जमत होत्या. दोन खांबांना दोर बांधला होता. दोराला हात लावून टाचा उचलायच्या, टेकवायच्या. मग एका पायावर उभं राहायचं. मग खडूच्या रेषेवरून टाचेला चवडा लावत चालायचं, आणि रेषेच्या शेवटी, न अडखळता, वळायचं. एक ताई त्यांना शिकवत होती, "वळताना आधी पाय, मग अंग. घाई नको." हरभऱ्याचे लाडू होते, डॉक्टरांच्या सांगण्यावरून केलेले. रेषेवरून माझी मावशी चालत होती. आईपेक्षा थोरली. तिने नऊवारीचा काष्टा सावरला, वळली आणि तिला मी दिसलो.

"आरं, तू? इतक्या सकाळचा? बाई बरी हाय ना, तुझी आई?"

मी म्हणालो, "मावशी, हे कवापासनं चाललंय?"

ती खडूच्या रेषेवरच उभी राहिली. मी पुन्हा विचारलं. माझा आवाज चढतो, मला तो आवरत नाही. बायका दोर सोडून बाजूला झाल्या.

"सोडतीनंतर सुरू झालं," ती म्हणाली.

"आन तू आईला सांगितलं न्हाईस."

"शबूद दिला हुता. डाक्टरीनबाईंनी सगळ्यांकडनं घेतला. आपल्या गावातलं त्या गावात न्यायचं न्हाई, न्हाईतर सगळ्यांची मेहनत पान्यात जाईल."

"सख्खी भन हाय ती तुझी! सनाला येतीस, शेंगा खातीस, आन एवढं बोलली न्हाईस?"

मावशी खाली बसली. म्हणाली, "आरं, चिठ्ठी तुमची निघाली हुती. तुमी गुलाल उधळला. मला वाटलं, तुमाला ह्याच्यापरीस लई मोठं कायतरी मिळतंय. औषध म्हन, सुई म्हन. आमाला आपलं हारलेल्यांना उठाबशा. मी का म्हनून माझ्या गरिबाघरचं तिला सांगू?"

मी तिला खूप बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती ऐकून घेत होती आणि पदराने पायाचा खडू पुसत होती.

दोन दिवसांत मी दोन्ही डॉक्टरांना समाजमंदिरात आणलं. कसं आणलं ते विचारू नका. निरोपात मी एवढंच म्हटलं होतं, की पुढच्या शिबिराला माझ्या गावचा एकही हात पुढे होणार नाही. गाव जमलं. आईला आणता येत नव्हतं, म्हणून तिच्या जागी मी पुढे बसलो.

मोठे डॉक्टर शांत होते. त्यांनी समजावून सांगितलं. व्यायामाने आणि खाण्याने पडणं कमी होतं की नाही, हे कळायचं असेल तर एका गावाला ते द्यायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि दोन्ही मोजायची. फरक पडला तर तो व्यायामाचा. दोन्ही गावांना दिलं तर काहीच कळणार नाही.

मी म्हणालो, "म्हणजे आम्ही पडलो तर तुमचं खरं ठरणार."

"तसं नाही. व्यायामाचा उपयोग होतो हे आम्हालाही अजून माहीत नाही. बाहेरच्या देशांत झालाय. पण तिथली म्हातारी माणसं वेगळी, त्यांनी मोळ्या उचललेल्या नाहीत. कदाचित तुमच्या मावशीही उद्या पडतील."

"माहीत नाही, तर त्यांना देता कशाला?"

"माहीत नाही म्हणूनच."

ते उत्तर मी तेव्हापासून उलटंपालटं करून बघतोय. त्यात खोट सापडत नाही आणि माझा राग कमी होत नाही.

मी दुसरीकडून धरलं. "चिठ्ठी कशाला काढली? सरळ माझ्याशी बोलायचं. मी रुमाल टाकला होता की नाही?"

तेव्हा पहिल्यांदा ते चिडले. "तुमच्यासारख्यांसाठीच काढली! बोलणी केली असती तर व्यायाम तुमच्या गावाने पटकावला असता. जिथे दलाल हुशार, तिथे उपचार. याला न्याय म्हणायचं का? पलीकडच्या गावात तुमच्यासारखा कुणी नाही."

"पटकावलाच असता! त्यासाठीच गाव मला पुढं करतं!"

मागून कुणीतरी म्हणालं, "पेढेबी तुमीच वाटले की, दलाल." लोक हसले. मी मागे वळलो तसे गप्प झाले. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

मग मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "बाई, गुलाल उधळला तेव्हा तुम्हाला कळत होतं?"

त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, "कळत होतं."

"मग?"

"कागद वाचून झाला होता. सगळे एवढे आनंदात होते. मला वाटलं, नंतर एकेकाला नीट सांगू. नंतर सगळे हात पुढे करत होते. सांगितलं असतं तर कदाचित केले नसते."

एवढं खरं बोलणारं माणूस माझ्या बाजारात मला भेटलेलं नाही. पण खरं आत्ता बोलून माझ्या आईचा खुबा जुळणार होता का?

मी मागणी ठेवली. उद्यापासून आमच्या देवळाच्या ओट्यावर दोर बांधा. ती ताई इकडेही पाठवा. आमच्या गावात आईच्या जोडीच्या किती म्हाताऱ्या आहेत, रोज बादली घेऊन गोठ्यात वळतात. मोठे डॉक्टर म्हणाले, अभ्यास संपला की तुमच्या गावालाही सगळं देणार आहोत, हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. मी म्हणालो, संपायला अजून उसाचे दोन हंगाम आहेत. तोवर जी पडेल तिचं काय? ते म्हणाले, हा निर्णय एकट्याचा नाही. बंगळूरच्या लोकांना विचारावं लागेल, परदेशात विचारावं लागेल, वर एक समिती आहे, तिच्यापुढे ठेवावं लागेल. मी समितीत कोण आहे विचारलं तर म्हणाले, ती स्वतंत्र असते, आमच्याही हातात नसते.

आमच्याकडे चौघांनी भागीत घेतलेली म्हैस कुणाला शिंग मारते, तेव्हा चौघंही म्हणतात, शेपटीकडचा वाटा माझा.

बैठक तिथेच मोडली. सरपंच मला बाजूला घेऊन म्हणाले, जास्त ताणू नका, साखरेची तपासणी तरी होतीय, तीबी जाईल. काही म्हाताऱ्यांचंही तेच म्हणणं आहे. निम्मं गाव माझ्या बाजूने आहे, निम्मं शिबिराच्या. मी दोर विकत आणून देवळासमोर बांधला तर मला कोण अडवणार आहे? कुणी नाही. पण त्याने दोन्ही गावांनी दिलेलं रक्त आणि इतकी वर्षं वाया जातील, असं डॉक्टरीणबाईंनी मला फोन करून सांगितलं. धमकी म्हणून नाही, विनंती म्हणून. "काका, चार महिने द्या. समितीपुढे मी स्वतः मांडते." मी दोर आणला आहे. अजून बांधलेला नाही. पहिल्यांदाच आयुष्यात मला समोरच्याची बाजूही दिसते आहे, आणि त्याचीच मला जास्त चीड येते.

परवा मावशी आली. आईच्या खाटेच्या पायथ्याशी बसली. आईला मी सगळं सांगितलेलं होतं, सांगायला नको होतं असं बायको म्हणते. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मावशीने तिच्या पायाला तेल लावायला हात पुढे केला तर आईने पाय आखडून घेतला, दुखऱ्या खुब्यासकट.

आई बोलली, भिंतीकडे बघतच. "अक्का, तुला उभं ऱ्हायला शिकिवलं. मला निस्तं मोजलं."

मावशी रडायला लागली. म्हणाली, "मला काय ठावं गं, बाई? मला वाटलं तूच जितलीस."

आई वळली नाही. मावशी संध्याकाळच्या एसटीने परत गेली. चाळीस-पन्नास वर्षं दोघी ऊसतोडीच्या एकाच टोळीत, एकमेकींच्या डोक्यावर मोळ्या देत आल्या होत्या. मोळी उचलून डोक्यावर ठेवणारा हात भरवशाचा लागतो, नाहीतर मान जाते. त्या हातावरचा भरवसा या अभ्यासाने घेतला, आणि ते कुठल्याच मशीनवर मोजलं गेलं नाही.

आई वॉकर धरून आता उंबऱ्यापर्यंत येते. उंबरा ओलांडत नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, भीती गेली तर चालेल. ती मला रोज एकच विचारते, "मी त्या गावात दिली असते तर पडले नसते का रं?" मी बाजारात उत्तर देऊन पोट भरणारा माणूस. मला याचं उत्तर येत नाही. मोठे डॉक्टर म्हणतात, एका माणसाबद्दल असं कधीच सांगता येत नाही, हजारांबद्दल सांगता येतं.

माझ्या घरात हजार आया नाहीत. म्हणून मी हे लिहिलं आहे. मी पैसे मागत नाही, माफी मागत नाही, कुणाची नोकरी जावी असंही म्हणत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी यावं, किंवा बंगळूरच्या कुणी, किंवा परदेशातून ज्यांनी माझ्या आईच्या चालण्याची चित्रं पाहिली आणि तिचा खुर्चीकडे गेलेला हात पाहिला त्यांनी, किंवा त्या समितीतल्या कुणी, जिला नाव नाही आणि तोंडही नाही. येताना कागद आणू नये. माझ्या आईच्या खाटेजवळ बसावं, तिच्या भाषेत बोलावं, आणि दोन गोष्टींचा जाब द्यावा. आम्ही गुलाल उधळत होतो तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात? आणि एका बहिणीने दुसरीला काय सांगायचं नाही, हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?